काळ्या रानात जाळीचे कुंपण: वळवाच्या वाऱ्यातही उभे राहावे म्हणून

अंबड तालुक्यात आमची तीन एकर मोसंबीची बाग आहे. तिला घातलेले पहिले कुंपण चौदा महिने टिकले. मे महिन्याच्या अखेरीस एका दुपारी पश्चिमेकडून वादळ आले. अर्धा तास वारा आणि दहा मिनिटे पाऊस एवढाच त्याचा जोर होता. नंतर जाऊन पाहिले तेव्हा पश्चिमेच्या धुऱ्यावरचे सव्वीस पोल एका रांगेत बागेकडे कललेले दिसले. त्यांतला एकही पोल मोडला नव्हता. सगळे बुडातून हलले होते आणि प्रत्येकाच्या मागे, काँक्रीट आणि माती यांच्या मध्ये, मनगटापर्यंत हात जाईल एवढी फट पडली होती. पोल चांगले होते, जाळीही चांगली होती. काळ्या मातीने उन्हाळ्यात त्यांना सोडून दिले होते आणि वाऱ्याने फक्त धक्का दिला होता. त्यानंतर तेच कुंपण आम्ही नव्याने उभे केले, आणि त्या कामात जे शिकायला मिळाले ते, पहिल्यांदाच कुंपण घालू पाहणाऱ्यांना उपयोगी पडावे म्हणून, कामाच्या क्रमाने येथे लिहीत आहे. शेताचे कुंपण डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिले असले, तरी काळ्या जमिनीवरच्या घराच्या प्लॉटलाही त्यातले बहुतेक लागू पडते.

१. आधी हद्द पक्की करा

कुंपणाचा पहिला खर्च मोजणीचा समजावा. ‘आजोबांच्या वेळेपासून हाच धुरा आहे’ या भरवशावर पोल रोवले आणि दोन वर्षांनी शेजाऱ्याने मोजणी आणली, तर काँक्रीटमधला पोल काढण्याचा खर्च तो रोवण्यापेक्षा जास्त येतो. तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयाकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करावा. नियमित आणि द्रुतगती असे मोजणीचे प्रकार आहेत आणि अर्ज ऑनलाइन भरता येतो. अर्जापूर्वी पुढील कागद एका फाइलमध्ये लावून ठेवावेत: चालू सातबारा आणि आठ अ, गटाचा नकाशा, पूर्वी मोजणी झाली असल्यास तिची ‘क’ प्रत, वाटणी झाली असल्यास तिचे कागद, ओळखपत्र, आणि चारही बाजूंच्या लगतधारकांची नावे, पत्ते व मोबाइल क्रमांक. सातबारा सामाईक असेल तर सहहिस्सेदारांची लेखी संमती आधीच घ्यावी.

लगतधारकांना मोजणीची नोटीस जाते. तरी त्या दिवशी त्यांनी स्वतः हजर राहावे म्हणून आपण घरी जाऊन सांगून यावे. मोजणीच्या खुणा दाखवल्या की त्याच दिवशी तेथे दगड पक्के गाडावेत आणि प्रत्येक दगडाचे, मागचे झाड किंवा विहीर दिसेल असे छायाचित्र घ्यावे, कारण पहिल्या नांगरटीत सैल खुणा निघून जातात.

वाट आणि पाणी यांचाही विचार याच टप्प्यावर करावा लागतो. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ प्रमाणे वहिवाटीचा रस्ता किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला असेल तर तो अडथळा दूर करण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. शेजाऱ्याला बांधावरून रस्ता देण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ मध्ये आहे. म्हणून पांदण, शिवरस्ता आणि ओघळ नकाशावर आधी दाखवून घ्यावेत. माझा सल्ला असा की हद्दीच्या रेषेवर कुंपण घालू नये. एक-दीड फूट आत घ्यावे. तेवढी जमीन गेल्याचे वाईट वाटते हे खरे, पण बाहेरच्या बाजूचे तण काढायला किंवा जाळी बांधायला दर वेळी शेजाऱ्याच्या पिकात उतरावे लागत नाही.

अनुदानाची अपेक्षा असेल तर तालुका कृषी कार्यालयात चौकशी करूनच साहित्य घ्यावे. बहुतेक योजनांत पूर्वसंमतीआधी झालेले काम धरले जात नाही.

२. वेळ वाफशाची निवडा

आपल्याकडे कुंपणाची कामे रान मोकळे असते म्हणून एप्रिल-मेमध्ये निघतात, आणि काळ्या जमिनीसाठी नेमकी तीच वेळ वाईट असते. त्या वेळी माती पूर्ण आकसलेली असते, भेगा खोलवर गेलेल्या असतात, काँक्रीटमधले पाणी दोन तासांत उडते, आणि काम अर्धवट असतानाच वळवाचा पाऊस येऊन खड्डे भरतो. पावसाळ्यात तर खड्ड्याच्या कडा ढासळतात. दिवाळीनंतर जमीन वाफशावर आली की संक्रांतीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला: माती पहारीला सहज सुटते, खड्ड्याची कड उभी राहते आणि ऊन सौम्य असल्याने काँक्रीट सावकाश घट्ट होते. अडचण मजुरांची येते, कारण त्याच दिवसांत कापसाची वेचणी असते आणि ऊसतोडीला माणसे बाहेर गेलेली असतात. त्यामुळे गुत्तेदाराशी बोलणी दसऱ्यालाच करून ठेवावी.

३. साहित्याचा हिशेब

एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. रान चौरस असेल तर चारही बाजू मिळून सुमारे ८३५ फूट भरतात. तेच एकर शंभर फूट रुंदीच्या लांब पट्टीत असेल तर परीघ १,०७० फुटांच्या वर जातो. म्हणून ‘एकरी खर्च’ सांगणाऱ्या गुत्तेदाराचा दर मान्य करू नये. फुटावर दर ठरवावा आणि परीघ स्वतः टेपने मोजावा.

पोलांमधले अंतर दहा फूट धरतात. पश्चिमेकडून उघड्या असलेल्या बाजूला ते आठ फूट ठेवावे. पाच फुटी जाळीसाठी आठ फुटी पोल घ्यावा, म्हणजे अडीच फूट जमिनीत जाऊन साडेपाच फूट वर राहील. सात फुटी पोल स्वस्त पडतो आणि नंतर जमिनीत दीडच फूट जातो. ही बचत करू नये. सिमेंटचा पोल घेताना त्याच्या टोकाला दिसणाऱ्या तारा मोजाव्यात आणि तो ओतून महिना झाला आहे ना, हे विचारावे. ओला पोल ट्रॉलीतून उतरतानाच तडकतो आणि ती बारीक चीर पहिल्या पावसानंतर दिसते. लोखंडी अँगल वापरायचा असेल तर जमिनीत जाणाऱ्या भागासह सगळ्या अँगलला रेड ऑक्साइड लावून मगच ऑइल पेंट द्यावा.

जाळीच्या गेजमध्ये नवखा माणूस फसतो, कारण आकडा वाढला की तार बारीक होते. दहा गेजची तार ३.२५ मिलिमीटर असते, बारा गेजची २.६४ मिलिमीटर. फरक अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त दिसतो, पण लोखंड जवळजवळ एक तृतीयांशाने कमी झालेले असते. व्हर्नियर कॅलिपर खिशात घेऊनच दुकानात जावे आणि बंडल उलगडून मधली तार मोजावी. हिरव्या पीव्हीसी लेपाची जाळी दमट जागी चांगली टिकते, मात्र लेपाच्या आत जस्त चढवलेली तार असली तरच. लेपाचे टोक ब्लेडने खरवडून आतली तार पाहावी. ती काळी निघाली तर लेपाला चीर पडताच आतून गंज धावतो आणि बाहेरून वर्षभर काही दिसत नाही.

हत्यारे घरचीच लागतात: पहार, टिकाव, खोरे, घमेली, लाइनदोरी, ओळंबा, शंभर फुटी टेप, लेव्हल पाइप, पक्कड, बाइंडिंग तार, आखणीसाठी फक्की, आणि जाळी ओढण्यासाठी चेन पुली. चेन पुली विकत घेण्याची गरज नाही. विहिरीची मोटर काढणाऱ्यांकडे ती भाड्याने मिळते.

४. आखणी

चारही कोपऱ्यांचे खुंट आधी ठोकावेत, त्यांच्यात दोरी ताणावी आणि मग दोरीखाली दर आठ-दहा फुटांवर फक्कीची खूण करावी. धुऱ्यावर बाभूळ किंवा लिंब आला तर रेषा थोडी वळवून घ्यावी. झाडाला खिळे मारून जाळी ठोकण्याचा मोह टाळावा, कारण वाऱ्यात झाड हलते आणि जाळी प्रत्येक हेलकाव्याला शेजारचा पोल ओढते.

५. खड्डा

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळून आकसते. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते, तिच्या थरांत पाणी शिरते आणि निघते, त्यामुळे ही हालचाल दरवर्षी होत राहते. पावसाळ्यात माती काँक्रीटला चहूबाजूंनी धरते आणि फुगताना त्याला थोडे वर उचलते. उन्हाळ्यात सोडते, आणि त्या फटीत वरची सुटी माती पडते. पुढच्या पावसाळ्यात ती माती पुन्हा फुगते आणि पोल एका बाजूला रेटला जातो. दोन-तीन वर्षांत सरळ रोवलेला पोल हातभर कलतो तो यामुळे.

यावर उपाय खड्ड्याच्या आकारात आहे. खड्डा वरून रुंद आणि खाली निमुळता घेण्याची मजुरांना सवय असते, कारण पहार तशीच चालते. आपल्याला नेमका उलटा आकार हवा: तोंडाला एक फूट आणि बुडाला सव्वा ते दीड फूट. बुडाशी पसरलेल्या काँक्रीटवर वरच्या मातीचे वजन बसते आणि पोल उचलला जात नाही. ट्रॅक्टरच्या मशीनने खड्डे घेतले तर काम भराभर होते, पण मशीन सरळ नळीसारखा खड्डा पाडते. त्यामुळे प्रत्येक खड्ड्याचे बूड नंतर पहारीने कोरून रुंद करावे लागते. ते प्रत्यक्ष उभे राहून करून घ्यावे. आमच्या दुसऱ्या कामात मी प्रत्येक खड्ड्यात काठी घालून बूड चाचपले आणि काठी अडली तेथे पुन्हा कोरायला सांगितले.

अडीच फुटांच्या आत मुरूम लागला तर फार उत्तम. मुरमात अर्धा फूट आत जाऊन थांबावे. गोदाकाठच्या खोल काळ्या रानांत पाच-सहा फुटांपर्यंतही मुरूम लागत नाही. तेथे तीन फूट खोल जावे, कारण जितके खाली जावे तितका ओलाव्याचा चढउतार कमी असतो, आणि पोलही त्या मानाने साडेआठ फुटांचा घ्यावा.

काँक्रीट एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू आणि चार भाग खडी या प्रमाणात घ्यावे. पन्नास किलोच्या एका गोणीत अडीच घनफुटांचे साधारण दोन खड्डे भरतात. गुत्तेदार एका गोणीत चार-पाच खड्डे भरून दाखवत असेल तर त्याने आत दगडगोटे आणि माती लोटली आहे असे समजावे. खड्ड्याच्या बुडाशी आधी चार इंच काँक्रीट टाकून त्यावर पोल उभा करावा, ओळंबा दोन बाजूंनी लावावा, आणि मग थराथराने भरून सळईने कोचावे. उकरलेली काळी माती खड्ड्यात परत टाकू नये. वरच्या भागात काही जागा राहिलीच तर तेथे ओला मुरूम ठोकून भरावा. काँक्रीट जमिनीच्या वर तीन-चार इंच आणून त्याला चहूबाजूंनी उतार द्यावा, म्हणजे पाणी पोलाच्या मुळाशी थांबत नाही. लोखंडी अँगल गंजतो तो याच ठिकाणी, हवा आणि ओली माती जेथे भेटतात त्या चार बोटांच्या पट्ट्यात. किमान सात दिवस ओले गोणपाट गुंडाळून दोन वेळा पाणी द्यावे.

६. कोपरे आणि तिरके पोल

ताणलेल्या जाळीचा सगळा ओढा कोपऱ्यांवर येतो. कोपऱ्याचा पोल जाड घ्यावा, त्याचा खड्डा तीन फूट करावा आणि दोन्ही दिशांना एकेक तिरका पोल लावावा. तिरक्या पोलाचे वरचे टोक मुख्य पोलाच्या दोन तृतीयांश उंचीवर यावे आणि खालचे टोक स्वतंत्र काँक्रीटमध्ये असावे. नुसत्या मातीत टेकवलेला तिरका पोल पहिल्याच पावसात खचतो. सरळ रेषेतही दर आठ-दहा पोलांनंतर असाच दुतर्फा आधार द्यावा, म्हणजे एखाद्या ठिकाणी झाड पडले तरी सगळी रांग ओढली जात नाही.

७. जाळी ओढणे

काँक्रीट भरून दहा दिवस झाल्याशिवाय जाळीला हात लावू नये. आधी वर, मध्ये आणि खाली अशा तीन आडव्या तारा ताणाव्यात. मग जाळीच्या टोकाच्या घरांत लोखंडी पट्टी ओवून ती कोपऱ्याच्या पोलाला बांधावी, बंडल उलगडत न्यावे आणि दुसऱ्या टोकाला चेन पुलीने ओढावे. दोन पोलांच्या मध्ये तळहाताने दाबल्यावर जाळी इंच-दोन इंच आत गेली तर ताण बरोबर आहे. शंभर फुटांची तार तापमानात तीस अंशांचा फरक पडला की सुमारे अर्ध्या इंचाने लांब-आखूड होते, हे लक्षात ठेवून जानेवारीच्या पहाटे ओढलेली जाळी मेच्या दुपारी थोडी सैल दिसली तर घाबरून पुन्हा ओढू नये. थंडीत तोच जादा ताण कोपऱ्यावर येतो. जाळीची खालची कड जमिनीपासून दोन बोटे वर ठेवावी आणि रानडुकरांचा त्रास असेल तर जमिनीलगत काटेरी तारेची एक रांग वेगळी द्यावी. रोही (नीलगाय) पाच फुटी जाळी ओलांडू शकतो, म्हणून त्याच्यासाठी वरच्या बाजूला तारांच्या दोन रांगा वाढवाव्या लागतात.

८. हिरवी नेट बांधण्याआधी

आमचे पोल कलण्याचे निम्मे कारण जमीन होती, तर निम्मे नेट. धूळ अडावी आणि फळे रस्त्यावरून दिसू नयेत म्हणून पश्चिमेच्या जाळीवर आम्ही हिरवी शेडनेट बांधली होती. उघड्या जाळीतून वारा निघून जातो. नेट बांधली की तेच कुंपण शिडासारखे वारा धरते. ताशी ६० किलोमीटरचा वारा त्याला आडव्या येणाऱ्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सुमारे १७ किलो दाब देतो. दहा फूट रुंद आणि सहा फूट उंच भाग पूर्ण झाकलेला असेल तर एका पोलाच्या वाट्याला ९५ किलोंच्या आसपास रेटा येतो. वेग १०० किलोमीटर झाला तर हाच रेटा २६० किलोंच्या घरात जातो, कारण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. एवढे वजन जमिनीपासून तीन फुटांवर आडवे ढकलत असताना खाली अडीच फुटांचा खड्डा आणि भेगाळलेली माती किती धरणार?

आडोसा हवाच असेल तर नेट निम्म्या उंचीपर्यंतच बांधावी, पोल सहा फुटांवर घ्यावेत आणि नेट सुतळीने बांधावी, तारेने नाही. जोराचा वारा आला तर सुतळी तुटून नेट फाटावी आणि पोल वाचावा. माझ्या मते शेतासाठी याहून चांगला मार्ग म्हणजे कुंपणाच्या आत चार-पाच फुटांवर शेवरी किंवा बांबूची ओळ लावणे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात झालेल्या गारपिटीनंतर अनेकांनी बागेभोवती आडोसा करण्याचा विचार सुरू केला आणि तो योग्यच आहे, पण वारा अडवण्याचे काम झाडांकडे द्यावे आणि जनावर अडवण्याचे काम जाळीकडे.

९. ओघळ आणि फाटक

परतीच्या पावसात ओघळीतून पाण्याबरोबर पऱ्हाट्या, तुरीची खोडे आणि पाचट वाहत येते. ते जाळीत अडकले की अर्ध्या तासात तेथे बंधारा तयार होतो आणि पाण्याच्या वजनाने दोन्ही बाजूंचे पोलही जातात. म्हणून ओघळीच्या दोन्ही काठांवर कोपऱ्यासारखे मजबूत पोल उभारून मुख्य जाळी तेथेच संपवावी. मधल्या भागात वरच्या तारेला टांगलेली, खालून मोकळी अशी वेगळी झुलती जाळी लावावी. पाणी आले की ती उचलली जाते, आणि फार झाले तर तेवढीच वाहून जाते.

फाटक ट्रॉलीसह ट्रॅक्टर वळेल असे बारा फूट ठेवावे. हार्वेस्टर आणायचा असेल तर पंधरा-सोळा फूट आणि दोन पाखांचे. फाटकाच्या पोलांचा खड्डा साडेतीन फूट घ्यावा आणि पाखा जमिनीपासून सहा इंच वर ठेवावा, कारण काळ्या मातीत पावसाळ्यात रस्ता फुगून वर येतो आणि फाटक अडते.

१०. विजेची काळजी

लांबवर पसरलेल्या जाळीवर आकाशातली वीज पडली तर ती तारेतून दूरपर्यंत धावते. सिमेंटच्या पोलांवरच्या जाळीला साधारण दीडशे फुटांवर एक, याप्रमाणे जमिनीत सळई ठोकून अर्थिंग द्यावे. महावितरणची लाइन कुंपणावरून जात असेल तर त्या ठिकाणी दोन्ही बाजूंना ते द्यावेच. ढगांचा गडगडाट सुरू असताना जाळीजवळ थांबू नये आणि जनावरे तिच्याजवळ बांधू नयेत. रानडुकरांसाठी जाळीत थेट लाइनचा करंट सोडणे हा गुन्हा आहे आणि त्यात शेजारपाजारची, घरचीही माणसे गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. झटका हवा असेल तर सौर झटका मशीनच घ्यावे, त्याच्या तारा जाळीपासून वेगळ्या इन्सुलेटरवर ठेवाव्यात आणि रस्त्याच्या बाजूला पाटी लावावी.

११. मृगाआधीची फेरी

दरवर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्यात कुंपणाला एक पूर्ण फेरी मारावी. प्रत्येक पोल छातीच्या उंचीवर धरून हलवून पाहावा. मुळाशी भेग दिसली तर तिच्यात काळी माती न लोटता बारीक मुरूम आणि वाळू भरून सळईने ठासावी. कललेला पोल रेटून सरळ करून दगडाची पाचर मारू नये. तो उकरून नव्याने बसवावा. गंजाचा डाग दिसला की तारेच्या ब्रशने घासून झिंक पेंट लावावा. धुऱ्यावरचे वाळलेले गवत आणि पाचट कुंपणाजवळ पेटवू नये. पाचटाच्या जाळात हिरवा लेप वितळून जातो, जस्ताचा थर खराब होतो, आणि तेवढ्या पट्ट्यात जाळी पुढच्या दोन पावसाळ्यांत लाल पडते. गवत कापून आत आणावे आणि मोसंबीच्या आळ्यांत आच्छादन म्हणून पसरावे.